तळ्याकाठचा बंगला

"तुम्ही राहिला आहात ना तिथे?" असं मिसेस मानकरांनी विचारलं आणि विद्याधर राऊत "हो" म्हणाला. झालं ते एवढंच. वाटेत कुणी "जेवलात का?" म्हणून विचारलं की पोटात कावळे ओरडत असले तरी माणूस "हो" म्हणतो, तसलाच हा "हो". त्यात डाव नव्हता, बेत नव्हता. पण बाई खूश होऊन उठल्या, पंख्याच्या वाऱ्याने उडणारा पदर त्यांनी सावरला, आणि "तरीच!" म्हणाल्या. त्या "तरीच"ने घोटाळा केला. नुसत्या "हो"चं काय, तो दुसऱ्या दिवशी विसरला गेला असता. "तरीच"मुळे तो खरा झाला. त्या जिना उतरून गेल्या तरी विद्याधर टेबलाशी तसाच उभा होता, आणि कान तापलेत हे त्याला हात लावल्यावर कळलं.

फोर्टातल्या त्या कचेरीत त्याचं काम होतं श्रीमंत माणसांचे उन्हाळे परदेशात लावून द्यायचं. इंग्रज साहेब गेले होते, पण त्यांच्या सवयी आपल्या माणसांनी मोठ्या हौसेने ठेवून घेतल्या होत्या. एप्रिल उजाडला की बॅरिस्टर, डॉक्टर, गिरणीवाले बोटीने निघायचे आणि कुठेतरी बंगला भाड्याने घेऊन दोन-तीन महिने गार हवेत काढायचे. कुठे, ते विद्याधर सांगायचा. फ्रान्सचा दक्षिण किनारा कुणाला मानवेल, स्विस डोंगर कुणाच्या दम्याला बरे, इटलीतल्या तळ्यांकाठी मुलाबाळांसकट कसं राहता येईल, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. तो स्वतः एका लग्नासाठी नाशिकला गेला होता, त्यापलीकडे नाही. पण कुणी विचारत नसे, आणि विचारलं नाही तर सांगायचं कशाला. मानकरबाईंनी मात्र समोरची रंगीत माहितीपत्रकं हाताने बाजूला सारली होती. "हे छापलेलं सगळं वाचलं मी. आमच्या साहेबांना फ्रान्स हवंय, मला काही ठरवता येत नाही. तुम्ही मला एवढंच सांगा, त्या तळ्याकाठी संध्याकाळी कसं वाटतं?" विद्याधरने डोळे मिटले ते पत्रकातलं पान आठवायला. निळं पाणी, पांढरा कठडा, छत्रीखाली बसलेली बाई. ती आली नाही. आली ती सांडोरची, स्वतःच्या घरामागची पानवेलींची वाडी. आणि तो बोलत गेला. वेलींखाली संध्याकाळ बाहेरच्यापेक्षा लवकर होते, म्हणाला. बाहेर उजेड असतो आणि आत पानांमधून नुसता हिरवा चुरा खाली पडत असतो. पाटाचं पाणी एकेका वाफ्यात शिरतं तेव्हा माती श्वास टाकल्यासारखा आवाज करते. लांब कुठेतरी लाकडी चाक कुरकुरत असतं, ते थांबलं की कळतं की इतका वेळ ते चालू होतं. मग चर्चची घंटा होते, आणि वेलींत काम करणारी माणसं, देव कुणाचाही असो, हात थांबवतात. पायांना तिथली माती गार लागते, इतकी गार, की माणूस बोलायचा थांबतो. "वेली द्राक्षांच्या," असं त्याने मध्येच घाईने घातलं. चर्च होतं, चाक होतं, पाणी होतं. इटलीला आणखी काय लागतं? त्यावरच बाईंनी तो राहण्याचा प्रश्न विचारला होता.

खरं सांगायचं तर बोलताना त्याला सुख झालं होतं, आणि नंतर लाज वाटली ती त्या सुखाचीच. खोटं बोलल्याची लाज वेगळी असते, ती दोन दिवसांत बोथट होते. पण ज्या वाडीचं नाव कचेरीत काढायला तो कचरत असे, कुणी गाव विचारलं तर "बॉम्बेच्या बाहेर, थोडं उत्तरेला," असं काहीतरी पुटपुटत असे, तिच्यावर आपण इतका वेळ बोललो, आणि तेही तिला दुसऱ्या देशात नेऊन बसवल्यावर, याची त्याला आत कुठेतरी शिसारी आली. सांडोरची म्हणून ती सांगण्यासारखी नव्हती. इटलीची म्हटल्यावर जीभ सुटली.

आणि घरी आबा रोज तेच विचारत होते. आबा म्हणजे त्याचे वडील जगन्नाथ राऊत; गुडघे गेलेले, पण पहाटे रहाटाला रेडा जुंपायला अजून स्वतः जाणारे. माघ संपत आला होता. पानवेली वर्षातून एकदा खाली उतरवून पुन्हा नव्याने बांधाव्या लागतात, तेव्हा पुढचं वर्ष निघतं. नाही उतरवल्या तर वाडी संपते. उतरवायच्या तर माणसं लावायची, शिडी चढायची, आणि कुणीतरी जवानाने उभं राहायचं. नाही तर शेजारचा तुळशीदास वाडी कसायला मागत होता; त्याचं पाणी ओढायचं इंजिन होतं, तो वेली उपटून केळी लावणार होता. "तू काय म्हनतोस, विद्याधर?" आबा विचारत. "तू आयतवारी जरी उभा ऱ्हायलास तरी मी वेल उतरवून घेतो. नाय म्हनलास तरी राग नाय." आणि विद्याधर दिवाळीपासून "बघू" म्हणत होता. हो म्हटलं असतं तर त्यात अडकला असता, नाही म्हटलं असतं तर पिढ्यांची वाडी मोडणारा तो ठरला असता. "बघू"मध्ये कुणीच काही ठरत नाही. शांता, त्याची बायको, एकदा म्हणालीसुद्धा, "त्यांना एकदाचं काय ते सांगून का टाकत नाही? म्हातारं माणूस रोज तुमच्या तोंडाकडे बघत बसतं." त्यावर तो चिडला होता. खरं कुणी बोललं की तो चिडायचा.

त्यात मानकरबाईंचा निरोप आला. मॅनेजरकडून त्यांना कळलं होतं की राऊत वसईकडचे. रविवारी साहेबांबरोबर किल्ला बघायला येणार होत्या, मग चहाला तुमच्याकडे येऊ, म्हणाल्या, "साहेब फ्रान्स सोडायला तयार नाहीत, त्यांना एकदा तुमच्याच तोंडून ऐकू दे." नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. शांताने पलीकडच्या मटिल्डाबाईंकडून नक्षीच्या कपबशा आणल्या, घरी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी काढून ताटलीत मांडली. आबांनी सकाळीच दाढी केली, लग्नातला काळा कोट झटकला आणि विचारलं, "त्यांना पानवाडी दाखवू का रे? शहरातली मान्सं, कदी बघितली नसंल." विद्याधर आरशासमोर टाय बांधत होता. "कशाला? उकडतं आत," तो म्हणाला, आणि मग स्वतःला थांबवायच्या आत, "आणि आबा, तुम्ही थांबलात नाहीत तरी चालेल. ऑफिसचं बोलणं आहे." आबांनी कोट पुन्हा खुंटीला लावला. घडी मोडू नये म्हणून खांदे नीट बसवले. "बरा," म्हणाले, आणि वाडीकडे गेले. आरशात त्याला ते जाताना दिसले. टायची गाठ चुकली होती, ती त्याने सोडून पुन्हा बांधली.

टांगा आला तेव्हा ऊन कलत होतं. बॅरिस्टर मानकर उंच, सुरकुतीसुद्धा इस्त्री केल्यासारखी असलेले गृहस्थ. किल्ल्यातल्या पडक्या चर्चवर ते खूश होते. बाईंना धूळ लागली होती आणि तहान. ओटीवर बसायच्या आतच त्यांनी घरामागे बोट दाखवलं. "ते केवढं हिरवं आहे! काय आहे ते?" "पानं. विड्याची पानं," विद्याधर म्हणाला. "बघू या की!" बाई निघाल्यासुद्धा. चहाला वेळ आहे, असं तो म्हणाला. ऊन आहे, म्हणाला. त्याचं कुणी ऐकलं नाही. चालताना त्याला एकच दिसत होतं: आता या आत शिरणार, हिरवा चुरा बघणार, पाटाचं पाणी ऐकणार, रहाट कुरकुरणार, आणि बाई वळून त्याच्याकडे बघणार. मग सोमवारी मॅनेजर. मग कचेरीतल्या सगळ्यांचं हसू. वाडीच्या तोंडाशी कुडाचं दार होतं आणि दाराशी आबांच्या वहाणा काढून ठेवलेल्या होत्या, शेजारी शेजारी, टाचा बाहेरच्या बाजूला. बॅरिस्टर थांबले. त्या वहाणांकडे बघून त्यांनी सभ्यपणे विचारलं, "इथे बूट काढायचे असतात का?" वाकायलासुद्धा लागले होते ते. एवढं सोपं होतं. "हो" म्हणायचं होतं फक्त, आणि या वेळी तो खरा होता. "छे छे," विद्याधर म्हणाला, "तसं काही नाही. या ना, या तसेच." आणि पाहुण्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तोच आधी आत गेला, कचेरीतले काळे बूट घालून.

पानवाडीत पायात काही घालून कुणी जात नाही. त्याच्या आज्याच्याही आधीपासून नाही. लहानपणी त्याला एकदा चामड्याचा पट्टा कमरेला होता म्हणून आज्याने दारातून परत पाठवलं होतं. वेल ही लेकुरवाळी बाई आहे, तिच्या घरात असं जायचं नाही, म्हणत. आणि याची एक दुसरी बाजू होती, ती त्याला बुटाखाली ओली माती दबली तेव्हा आठवली, आधी नाही. आधी आठवायचीच नव्हती म्हणा. तुळशीदासाच्या बापाची, गंगारामकाकांची वाडी मूळकुजीने गेली, तेव्हा विद्याधर आबांचं बोट धरून बघायला गेला होता. गंगारामकाका घरातून आले, दाराशी थांबले, आणि वहाणा न काढता आत शिरले. "आबा, ते वाना घालून गेले!" असं तो ओरडला होता. आबांनी त्याला जवळ ओढलं. "जाऊ दे. ती वाडी आता उठली." मालकाने पायातलं न काढता पाऊल टाकलं की वाडी उठली, कायमची मोडली. त्याला सही लागत नाही आणि दवंडी लागत नाही. त्यानंतर काकांनी स्वतः पहिली वेल ओढली, आणि घरी येताना आबांनी त्याचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली.

आबा रहाटाजवळ वाकून पाट फोडत होते. माणसांचा आवाज ऐकून ते उठले, आणि त्यांनी आधी तोंडांकडे नाही, पायांकडे बघितलं. बाईंच्या उंच टाचा, बॅरिस्टरांचे तपकिरी बूट. पाहुण्यांचं त्यांना काही वाटलं नाही, परकी माणसं. मग त्यांनी विद्याधरचे पाय बघितले. बराच वेळ बघितले. चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता, एक प्रकारची सुटका होती, उत्तराची वाट बघून थकलेल्या माणसाला उत्तर मिळाल्यावर होते तशी. त्यांनी पाहुण्यांना हात जोडले, चिखलाचे हात, आणि त्यांच्या बाजूने दाराकडे गेले. विद्याधरला वाटलं, चला, गेले. पण ते परत आले. वहाणा घालून. त्या वाडीत जन्मभर अनवाणी हिंडलेला माणूस वेलींच्या मधल्या वाटेने वहाणा घालून सरळ चालत गेला, तुळशीदासाच्या बांधाकडे. विद्याधरला सगळं कळलं. चार ढांगांत त्यांना गाठता आलं असतं. "आबा, थांबा," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. "मिस्टर राऊत, इथे साप असतात का हो?" मानकरबाईंनी विचारलं. "नाही, नाही, मुळीच नाहीत," तो म्हणाला, आणि त्यांना पाटावरून पलीकडे जायला हात दिला.

आणि बाईंनी काही ओळखलं नाही. हिरवा चुरा त्यांच्या खांद्यावर पडत होता, पाणी वाफ्यात शिरत होतं, रहाट कुरकुरत होता. त्यांनी रुमालाने मान पुसली. "फारच कोंदट आहे नाही? आणि डास!" इटली शोधायला सांडोरला कोण येतं. विद्याधरच्या अंगाला घाम सुटला तो हायसं वाटल्याचा, आणि त्याच घामात तो म्हणाला, "हो ना, इथे काय आहे बघण्यासारखं. चला, चहा घेऊ." स्वतःचा आवाज त्याला नको इतका गोड लागला.

चहा झाला. सुकेळीची बाईंनी तारीफ केली. आबा परत आले तेव्हा शांता कप गोळा करत होती. ओटीच्या कडेला, पाहुण्यांपासून लांब, ते टेकले आणि तिला हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुळशीदासाला शबूद देऊन आलो. उद्या मान्सं घेऊन येईल तो." शांताने विद्याधरकडे बघितलं. त्याने बशीकडे. "हे आमचे वडील," तो मानकरांना म्हणाला. ही ओळख त्याने सकाळपासून टाळली होती आणि आता ती करून देण्यात काही उरलं नव्हतं.

"हं, राऊत, आता बोला," बॅरिस्टर पाय लांब करत म्हणाले. "या म्हणतात तुम्ही इटलीचं असं काही वर्णन केलंत की फ्रान्स म्हणजे कचरा. आज ठरवायचं. हरलो तर तळ्याकाठचा बंगला घेईन." विद्याधरने तोंड उघडलं. आबा समोर होते. "तिथे... हवा उत्तम असते," तो म्हणाला. "गर्दी नसते. भाजीपाला ताजा मिळतो." बॅरिस्टर हसले. "हे तर पत्रकात आहे!" "अहो, असं काय करता?" बाई म्हणाल्या. "लाजता काय? थांबा, मीच सांगते. मला शब्द न् शब्द लक्षात आहे." आणि त्यांनी सांगितलं. नको होतं, पण सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. वेलींखाली संध्याकाळ लवकर होते ते सांगितलं. हिरव्या चुऱ्याचं सांगितलं. माती श्वास टाकते ते, चाक थांबल्यावर कळतं ते, घंटा झाली की माणसं हात थांबवतात ते. "आणि पायांना ती माती इतकी गार लागते, म्हणाले, की बोलणंच सुचत नाही." विद्याधर खाली बघत होता. पहिल्या दोन वाक्यांतच आबांनी मान वर केली होती, हे त्याला न बघता कळलं. मग त्यांचा श्वास ऐकू येईनासा झाला. माणूस आपल्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या हातात बघतो तेव्हा आधी नीट खात्री करून घेतो, तसे ते एकेक शब्द ऐकत होते. आणि विद्याधरला वाटलं, आता उठून सगळं सांगावं. सगळ्यांसमोर. नोकरी गेली तर जाऊ दे. असं वाटणारी माणसं उठत नाहीत, तोही उठला नाही.

"बरं, हरलो," बॅरिस्टर म्हणाले. "तळंच ठरलं. उद्या बंगला बघा, राऊत." बाई आबांकडे वळल्या. त्यांचं मन मोठं होतं, लांब बसलेल्या म्हाताऱ्याला बोलण्यात घ्यावं असं त्यांना वाटलं. "तुम्हाला तर हे सगळं पाठ असेल नाही? मुलाने परत आल्यावर किती वेळा सांगितलं असेल!"

विद्याधरने डोळे उचलले, पहिल्यांदा. एका शब्दात ते त्याला उघडा पाडू शकत होते, आणि या क्षणी त्याला तेच हवं होतं.

"नाय बाई," आबा म्हणाले. "मना त्यानं कदीच नाय सांगितलं. आज तुमच्या तोंडून आयकतोय." मग जरा थांबून, "मना वाटायचं, त्याला त्या जागेचा कटाळा हाय."

"कंटाळा? अहो, डोळे मिटून बोलत होते!"

"डोळे मिटून," आबा म्हणाले. ते बॅरिस्टरांकडे वळले. "जा, सायेब. पोरानं सांगितलंय ते खोटं नाय. जागा लय चांगली हाय."

टांगा गेला. शांता मटिल्डाबाईंच्या कपबशा पोचवायला गेली. आबा ओटीवरून उठले नव्हते. विद्याधर त्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, मी तुळशीदासकडे जातो. आत्ता जातो. सांगतो त्याला की चूक झाली, वेली आपण उतरवू, मी दर रविवारी उभा राहीन." आबांनी मान हलवली. "शबूद दिला. तू शिरलास, मी शिरलो. आता त्या वाडीला परत कसं सांगायचं? नाय जमत तसं." त्यांच्या आवाजात ठपका नव्हता, आणि तेच सहन होत नव्हतं. विद्याधरला रडू आलं असतं, पण रडणं म्हणजे पुन्हा त्यांच्याकडून काहीतरी घेणंच झालं असतं. चर्चची घंटा होऊ लागली. पलीकडच्या शेतात कुणाचं तरी कुदळ मारणं थांबलं.

"बस जरा," आबा म्हणाले. "मना एकदा सांग. त्या बाईला सांगितलंस तसंच."

तो त्यांच्याजवळ बसला. "संध्याकाळी," त्याने सुरुवात केली, "वेलींखाली..." आणि पुढचं काही येईना. डोळे मिटले तर पत्रकातली, कठड्यावर छत्रीखाली बसलेली बाई दिसत होती, निळं पाणी दिसत होतं.

"हं," आबा म्हणाले, आणि वाट बघत राहिले.